कानावरचे केस

भवानी पेठेत सिद्धाराम यांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुण्याहून, हैदराबादेहून हौशी लोक यायचे आणि सिद्धारामांनी पाकिटावर पेन्सिलीनं ‘कोरा’ लिहिलं असेल, तर नाणं पुन्हा उलटून बघायचे नाहीत. कोरा, बरा, चाललेला, झिजका, एवढ्या चार शब्दांत ते नाण्याची प्रत सांगत. एकाच सालचा, एकाच टांकसाळीचा रुपया, पण कोरा असला तर चांदीच्या तिप्पट किंमत आणि झिजका असला तर नुसत्या वजनाची.

त्यांची बायको गौरम्मा दुधनीची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे ऐकत आली होती. जेवणं झाली की सिद्धाराम तिला एखादं नाणं दाखवत. राणीछाप असो की राजाछाप, झीज आधी उंच जागी होते. गाल, भुवई, कानावरचे केस. केस सुटे दिसले तर नाणं फारसं हातांतून फिरलेलं नाही. आणि धरायचं ते कडेनं. चेहऱ्यावर बोट टेकलं की घामाचा डाग बसतो.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जेऊरचे हिंदुराव आले. दिवाळीत त्यांनी ‘कोरा’ म्हणून एक रुपया नेला होता. तक्रार अशी त्यांनी केली नाही. सवडीनं एकदा उन्हात बघा म्हणाले, नाणं ठेवलं आणि बाजारात गेले. सिद्धारामांनी ते खिडकीशी नेलं आणि चेहऱ्यावरून हळूच अंगठा फिरवला. चहा घेऊन आलेली गौरम्मा दारातच थांबली.

“कोराच आहे की,” ते स्वतःशी म्हणाले.

ते हात धुवायला आत गेल्यावर तिनं नाणं उचलून पाहिलं. कानावरचे केस एकमेकांत मिसळून सपाट झाले होते. तिनं नाणं होतं तिथं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र, आत फार उकडतं म्हणून, ती तांदूळ निवडायचं सूप घेऊन दुकानात बसू लागली.

आठवड्याभरात मथुराबाई नावाची एक बाई आईचे चार रुपये विकायला घेऊन आली. सिद्धारामांनी चारही चाललेले ठरवले. बाई म्हणाली, तुमी म्हणाल ते खरं. गौरम्माच्या नजरेला मात्र तिसऱ्या नाण्यावरचा केस न् केस वेगळा दिसत होता. हिंदुरावांना जास्त पैसे पडले ते पडले, पण या बाईचं नुकसान तिच्या डोळ्यांसमोर होत होतं.

“इन्नोम्मे नोड्री,” सुपातली नजर न उचलता ती कन्नडमध्ये म्हणाली. पुन्हा एकदा बघा. मग त्याच आवाजात, कोणतं नाणं आणि काय दिसतंय तेही सांगितलं.

सिद्धारामांचा हात थांबला. त्यांनी तिसरं नाणं बाजूला काढलं आणि याचे चांदीच्या तिप्पट मिळतील असं मथुराबाईला सांगितलं. ती खुशीत गेली. दुपारचं ताट पुढं आल्यावर सिद्धारामांनी विचारलं,

“कधी कळलं तुला?”

“तुम्ही अंगठा टेकवलात तेव्हा.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. धुरातून बघावं तसं दिसत होतं. डाव्या डोळ्यानं तर तेवढंही नाही. पण हे बाहेर कळलं तर पाकिटावरच्या अक्षरावर कोण विश्वास ठेवणार? तिनं वाद घातला नाही. मोतीबिंदू काढून घ्यायचा, आणि तोवर आपण शेजारी बसायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं. ते हळूच विचारत, ती सांगे आणि भाव ते बोलत. हिंदुरावांना मात्र त्यांनी खरं काय ते सांगितलं आणि दुसरा, तिनं निवडलेला रुपया दिला.

“आदी डोळं दाखवा,” हिंदुराव म्हणाले. “नाणी कुटं पळत न्हाईत.”

पावसाळा सरता सरता ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. सिद्धारामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे साठ्यातली पाकिटं पसरून बसले. कितीतरी ‘कोरा’ खोडरबरानं पुसून त्यांनी ‘बरा’ लिहिलं. मग एक ‘झिजका’ हाती आला. तो गौरम्मानं ठरवलेला होता. पलीकडच्या बोळात मागासाठी चाकावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या चंद्रव्वाकडून घेतलेला. सिद्धारामांनी तिला खिडकीशी बोलावलं आणि नाणं उजेडात हळूहळू कलतं केलं.

“चमक बघ. सपाट जागेवरूनही सारखी फिरते की नाही? झिजला असता तर तिथं चमक मेली असती. हे केस झिजले नाहीत, उमटलेच नाहीत. ठसा कच्चा बसला. टांकसाळीतनंच असा निघालाय.”

“म्हणजे कोरा?”

“कोरा.”

गौरम्माला कानामागं गरम झाल्यासारखं वाटलं. इतके दिवस ती फक्त केस बघत होती. आणखी किती जणांना आपण झिजका म्हणून परत पाठवलं, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, “ते आता कसं कळणार?”

दुपारी ती नाणं आणि वरचे पैसे घेऊन चंद्रव्वाकडे गेली. चंद्रव्वानं चाक थांबवलं. गौरम्मानं स्वतःची चूक सांगितली, मग कोरा म्हणजे काय तेही सांगितलं.

“म्हंजी हा बाजारात कधी गेलाच न्हाय?”

“फारसा नाही.”

“माझ्या आयला पयल्या मजुरीत मिळालेला,” चंद्रव्वा म्हणाली. “तुमी झिजका म्हणला, तवा लई हातांतनं गेला-आलेला असंल म्हणून इकला मी. आयनं तर जपूनच ठिवलेला.” तिनं वरच्या पैशांकडे पाहिलंही नाही. तिला नाणंच परत हवं होतं. घेतलेले पैसे शुक्रवारी पगार झाला की देते म्हणाली.

गौरम्मानं नाणं तिच्यापुढं ठेवलं.

घरी आल्यावर सिद्धारामांनी विचारलं तेव्हा तिनं घडलं ते सांगितलं. शुक्रवारपर्यंत थांबायचं म्हणाली. त्यांनी चष्मा पुसला. मग पुढचं पाकीट उघडून त्यातलं नाणं त्यांनी प्रत ठरवायला तिच्या हातात दिलं.