गोळ्या वाढल्या

मरोळच्या वेदनाशमन केंद्रात चेतना खानोलकरांना सगळे नुसतं ताई म्हणत. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा म्हाताऱ्या माणसांचं दुखणं तरी हलकं करायचं, यात त्यांची नर्सगिरीची वीस वर्षं गेली होती. आता नवे संशोधक त्यांच्या हाताखाली शिकत. अभ्यास साधा होता: पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांच्या वेदना घरच्या घरी औषधाने किती आटोक्यात राहतात? दर गुरुवारी घरी फोन, फोनवर प्रश्न, समोर फॉर्म.

शुक्रवारी सकाळी प्रांजल एक फॉर्म घेऊन आली. पोरगी हुशार, सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. झालेली, कामाला लागून पाच आठवडे झालेले.

"ताई, वर्सोव्याच्या सरूबाई. वेदना दहापैकी आठ. आणि मॉर्फिनच्या गोळ्या घरच्यांनीच वाढवल्यात."

"कुणी सांगितलं?"

"सून, प्रेमाताई. काल मी विचारलं गोळ्यांचं काय, तर म्हणाल्या, गोळ्या वाढल्या. आणि आत्ता सकाळी त्यांचाच फोन, की नव्या गोळ्या कधी मिळतील?"

ताईंनी कपाळाला आठी घातली. "डॉक्टरांना न विचारता जास्त देतायत, मग लवकर मागणारच की! हे औषध म्हणजे काय खोकल्याचं सायरप आहे? सांग त्यांना, सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबा. सोमवारी आपण जाऊ."

'मात्रा वाढवली' या चौकोनात खूण होती. ताईंनी खाली सही केली आणि पुढचा फॉर्म ओढला.

आता ताईंना नाद एकच, कीर्तनाचा. अंधेरी पूर्वेला एका लहानशा विठ्ठल मंदिरात शनिवारी दुपारी चार ते सहा कीर्तन असे, आणि शनिवारची सुट्टी ताईंनी त्यासाठीच राखलेली. कीर्तनकार बाई खड्या आवाजाच्या. पूर्वरंगात नाम म्हणजे काय ते उकलून सांगायच्या, मध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवत उभं करायच्या, आणि उत्तररंगात गोष्ट अशी रंगवायच्या की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत. ताईही पुसत. आठवडाभर जे पाहिलं त्यातलं थोडं तिथेच ठेवून येत.

त्या शनिवारी आरती झाली, लोक बुक्का लावून घ्यायला रांगेत लागले. ताईंचा नंबर आला तेव्हा डबी धरून बसलेल्या आजीबाई हसल्या.

"बुक्का वाढला हो ताई. कडेला बोट फिरवा, लागेल तेवढा."

ताईंनी बोट फिरवलं. डबी रिकामी होती. बोट कपाळापर्यंत गेलंच नाही.

देवाच्या दारात 'संपला' म्हणत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. त्यांच्या स्वतःच्या आईने 'मीठ संपलं' म्हटल्याबद्दल त्यांना लहानपणी चांगला धपाटा घातला होता.

"माजी मती खंय गेल्ली!" ताईंच्या तोंडून मालवणीच निघाली. चपला शोधता शोधताच त्यांनी प्रांजलला फोन लावला.

"प्रांजल, गोळ्या वाढल्या म्हणजे संपल्या गं! त्या घरात गोळ्याच नाहीयेत."

 पलीकडून बारीक आवाज आला, "ताई... गुरुवारपासून?"

"गुरुवारपासून. तू मरोळला ये, मी निघाले."

रिक्षातूनच केंद्राचे डॉक्टर देवव्रत यांना फोन झाला. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "दोन दिवस पूर्ण खंड पडलाय? मग एकदम आधीच्या डोसवर जाऊ नका. अर्ध्या गोळीने सुरू करा, श्वास बघा, तासाभराने मला कळवा. चिठ्ठी पाठवतो."

केंद्रातून गोळ्या घेऊन दोघी वर्सोव्याला पोचल्या. कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबलांखालून वाकून जावं लागलं. दारात प्रेमा उभी होती. तिने ताईंकडे पाहिलंच नाही, सरळ प्रांजलवर घसरली.

"आता आलीस? दोन दिवस सासू तळमळतेय माझी! मी काय मिठाई मागत होते काय तुझ्याकडे?"

प्रांजलचे डोळे भरले. ताई मध्ये आल्या. "प्रेमा, तिला नको बोलू. सोमवारी येतो म्हणायला मीच सांगितलं. मला वाटलं, तुम्ही जास्त गोळ्या देताय."

"जास्त? मी तर सांगितलं, वाढल्या म्हणून!"

"सांगितलंस. आम्हीच उलटं ऐकलं."

"मग दुसरं काय बोलू? या घरात ते दुसरं अक्षर काढायची सोय नाय. नवरा दर्यात असताना ते तोंडून निघालं की सासू तोंडावर मारायची."

आतून खाटेवरून आवाज आला, "अजून मारीन!"

सरूबाई अंगाचं मुटकुळं करून पडल्या होत्या. एकोणऐंशी वर्षं, कॅन्सर हाडांत उतरलेला, कपाळावर घाम. ताईंनी नाडी पाहिली, श्वास मोजले, अर्धी गोळी दिली.

"सरूआजी, किती दुखतंय? दहापैकी?"

"दहाच. तुझ्याकडे अकरा हाय तर अकरा लिही."

वाट बघण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. प्रांजलने पिशवीतून तो फॉर्म काढला. "ताई, फाडून नवा भरू?"

"फाडायचा नाही. खाडाखोडही नाही. चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिही, तारीख आणि सही. आणि माझ्या सहीपुढे मला जागा ठेव, माझी चूक मी लिहिते."

"मी विचारायला हवं होतं ना, वाढल्या म्हणजे काय ते."

"तू परभणीची, तुझ्या घरी नसतील बोलत. मी तर याच बोलीत वाढले. पण चौकोन समोर असला की कान बंद होतात बघ. यापुढे गोळ्यांचं काय, असं विचारायचंच नाही. डबा घेऊन या, मोजा, आकडा सांगा."

पाऊण तासाने सरूबाईंचे पाय हळूहळू सरळ झाले. त्यांनी डोळे उघडले.

"सहा," त्या न विचारताच म्हणाल्या. "सहाच लिही गो पोरी. मना बरं वाटावं म्हणून पाच नको करू."

प्रांजलने सहा लिहिलं. मग तिचं पेन थांबलं.

"ताई, गेल्या आठवड्यात घाटकोपरच्या एका फॉर्मवर मी हाच चौकोन भरलाय. तिथेही असंच बोलले होते, वाढल्या."

ताई उठल्याच. "लाव फोन. इथूनच लाव."

प्रांजल दारात जाऊन उभी राहिली. "काका, घरात गोळ्या किती आहेत ते मोजून सांगता का? हो, आत्ताच. मी थांबते." पलीकडे कपाट उघडल्याचा, मग पाकीट चुरगळल्याचा आवाज आला. ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अठरा? नक्की? आणि डोस डॉक्टरांनीच वाढवला होता ना? बरं काका." तिने फोन ठेवला आणि भिंतीला टेकली.

"तिथे खरंच वाढवल्या होत्या," ती म्हणाली.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "उद्या रविवार आहे. उरलेली सगळी घरं उद्याच विचारून घेऊ."

आत सरूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या; ताईंनी त्यांचे श्वास पुन्हा मोजले आणि डॉक्टरांना कळवलं. प्रेमाने दार हळूच लोटून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.