विलीन करा

कुसुमताईंनी मोबाइल सरळ कादंबरीच्या कीबोर्डवर ठेवला. पडद्यावर जजजजज उमटत गेले.

"वाचा. मोठ्यानं."

कादंबरी शनिवार पेठेतल्या या ग्रंथालयात कंत्राटावर नोकरीला होती. ग्रंथालयाचं संशोधन-त्रैमासिक ऑनलाइन चालवायचं काम तिचं. तिने फोन उचलला, पण मनातच वाचलं.

आदरणीय प्रा. श्याम गोडबोले,
आपल्याकडील लेखाचे परीक्षण प्रलंबित आहे.

"ते दिवाळीत गेले. शोकसभेत माइक तुम्हीच लावलात."

"मेल आपोआप जातात हो."

"कंपनी कुठली? मी बोलते त्यांच्याशी."

"कंपनी नाही. जगभरच्या ग्रंथालयांनी मिळून केलंय हे सॉफ्टवेअर. कुणीही घ्यावं, वापरावं."

"सदावर्तच की. हे म्हणायचेच, फुकटच्या आमटीला मीठ नसतं."

हे म्हणजे श्यामराव. कादंबरीच्या लेखावर शेरा त्यांचाच होता: 'माहिती भरपूर, विचार शोधूनही सापडत नाही.' तिने तो पाठ केला नव्हता, पाठ झाला होता. वर्षभर खपून तिने लेख नव्याने लिहिला, आणि तो पुन्हा त्यांच्याचकडे गेला. प्रलंबित होता तो हाच. गेलेल्या माणसाचं नाव खोडणं संपादकांच्या जिवावर आलं होतं. आणि लेख छापून आला, तरच तिची नोकरी कायम होणार होती. लेखकाचं नाव परीक्षकाला दिसत नाही, एवढीच काय ती दया.

"काढून टाका त्यांचं नाव."

"नुसतं काढता येत नाही. त्यांची सगळी परीक्षणं, हे राहिलेलंसुद्धा, दुसऱ्याच्या खात्यात विलीन करावी लागतात."

"कुणाच्या?"

ज्याचे खाते काढायचे: श्याम गोडबोले
ज्यात विलीन करायचे: गंधार मराठे
ही क्रिया मागे घेता येणार नाही.

"गंधार सरांच्या. तेही परीक्षकच आहेत."

"तो? 'छान' लिहून सही ठोकणारा? ह्यांचं सगळं काम त्याच्या नावावर?"

"मग कुणाच्या? माणूस जिवंत लागतो."

बोलून गेल्यावर कादंबरीने नजर पडद्याकडे वळवली. कुसुमताई खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्या."

"हे काही वीजबिलावरचं नाव बदलणं नाही, काकू. परीक्षकाला लेख वाचता यावा लागतो."

"डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून ह्यांना अक्षर दिसत नव्हतं. तुमच्या विद्वान मंडळात कळलं कुणाला? लेख मी वाचायचे. शेरेही माझेच. हे फक्त मवाळ करायला लावायचे."

"मवाळ?"

"आता बघा, 'विचार शोधूनही सापडत नाही.' मी लिहिलं होतं, रद्दीत घाला."

कादंबरीने माउसवरचा हात काढला.

"तोच लेख पुन्हा आलाय. दोनदा वाचून झालाय माझा."

"आणि?"

"ते तुम्हाला कशाला? ज्याचा आहे त्याला कळवीन."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला. मग कादंबरीने गंधारचं नाव खोडलं.

"ईमेल सांगा. नावापुढे पद काय लिहू?"

"पद कसलं? नुसतं कुसुम गोडबोले."

विलीन करा.

श्यामराव यादीतून गेले. कादंबरीने 'आठवण पाठवा' हे बटण स्वतःच दाबलं. टेबलावरचा फोन थरथरला.

आदरणीय कुसुम गोडबोले,
आपल्याकडील लेखाचे परीक्षण प्रलंबित आहे.

"लगेच तगादा!" कुसुमताईंनी फोन पर्समध्ये टाकला. दारापाशी त्या वळल्या.

"लेख कुणाचा आहे, ते तुम्हाला तिथून दिसत असेल, नाही का?"

"नाही," कादंबरी म्हणाली.