भोंगा ऐकायला शिकला

मित्रांनो, वाचनालयाच्या कपाटावर बसलेला, कडेला पोचे पडलेला भोंगा दिसतोय ना, तो मी. तोंडाशी धरून बोललं की आवाज दहापट मोठा करायचा, एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघालो तो मी थेट लाकडाच्या वखारीत गेलो. मुकादम माझ्यातून ओरडत, "सरका, ओंडका येतोय." हमाल म्हणत, "या भोंग्यामुळे आमचे पाय शाबूत आहेत." तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे वखार बंद पडली आणि मी भंगारात गेलो. तिथून मला कालव्याच्या अलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी उचललं.

कालव्यावरचा पायपूल मोडून तेव्हा सहा महिने झाले होते. तो कोणी मोडला यावरून दोन्ही काठ हमरीतुमरीवर आले होते. रोज संध्याकाळी पोरं माझ्यातून पलीकडच्यांना शिव्या देत आणि पलीकडून दगड येत. हे पोचे तेव्हाचे. शिव्या त्यांच्या, पण आवाज माझा. लाज मलाच वाटायची.

एके दिवशी ग्रंथपालबाई काठावर आल्या. हात पुढे करून मला धरलेल्या पोराला म्हणाल्या, "आण तो इकडे. आणि शनिवारी सगळे वाचनालयात या. पलीकडची मुलंही येणार आहेत."

कालव्याच्या सरकारी कचेरीने बजावलं होतं, की दुरुस्तीसाठी दोन्ही काठांचा मिळून एकच अर्ज महिनाअखेरपर्यंत आला नाही, तर मोडका पूल पाडून टाकू. म्हणून पलीकडची मुलं लांबचा वळसा घालून आली. बाईंनी माझे सेल काढून ठेवले आणि नियम सांगितला: "भोंगा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. पण आपलं सांगण्याआधी समोरचा काय म्हणाला ते सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला, तरच पुढे."

मला आधी अलीकडच्या शिंपीकाकांच्या मुलीने धरलं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती गप्प असे, म्हणून तिचं नावच 'गुळणी' पडलं होतं. ती हळूच म्हणाली, "आजीचं औषध पलीकडे मिळतं. मला तासभर वळसा पडतो. पूल कधी होणार, एवढंच मला हवंय."

मग मला पलीकडच्या 'वकिला'ने घेतलं. वाद घालण्यात तो कोणाला हार जायचा नाही.

"ही म्हणते, पूल आम्ही मोडला."

"असं मी म्हणाले नाही."

"म्हणजे आमच्या मोटारसायकलींनी मोडला."

"तेही नाही."

चौथ्या खेपेलाही तो चुकला, तेव्हा दोन्हीकडची पोरं खो-खो हसायला लागली. वकीलही हसला. डोकं खाजवत म्हणाला, "हिच्या आजीला औषध लागतं. पूल कधी होणार, ते हिला हवंय."

"हो, हेच."

मग त्याचाही आवाज खाली आला. "पुलावरून मोटारसायकल माझा दादा न्यायचा. मी त्याला अडवायला हवं होतं."

अलीकडचा एकजण टोमणा मारणार होता. गुळणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वकिलाचं म्हणणं तिने तिखटमीठ न लावता सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आमच्या हातगाड्याही खच्चून भरलेल्या असायच्या."

इतका बारीक आवाज इतका दूर पोहोचलेला मी कधी पाहिला नव्हता.

चौथ्या शनिवारी अर्ज तयार झाला. पुलावर वाहन न्यायचं नाही, आणि राखणीला दोन्ही काठांची दोन-दोन मुलं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "तुमचा पुढारी कोण?" वकिलाने गुळणीला पुढे केलं. "हिला विचारा. ही आधी ऐकून घेते."

पूल झाला. पहिल्या सकाळी गुळणी माझ्यात नवे सेल घालून पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. "दहा-दहा जण या. ढकलाढकली नको. आजीला आधी जाऊ द्या."

"मला कशाला आधी?" आजी म्हणाली. "मी काय शर्यतीला आलेय?" दोन्ही काठ हसले आणि ते हसू कालव्यावरून कितीतरी वेळ घुमत राहिलं.

शनिवारची बैठक अजून भरते, आणि दर वेळी कोणीतरी मला पुसून घेतं. मित्रांनो, मला कोणीही शिव्या द्यायला लावू शकतं, मला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून मला उचलाल, तेव्हा समोरच्याचं आधी नीट ऐकून घ्या. मग बोला. आवाज द्यायला मी आहेच.