बारा बाटल्या आणि तेरावी

पुष्पाबाईची साडी खराब करायची, हे सुपडूने पक्कं ठरवलं होतं. घरात नाही, गल्लीत नाही. मंडळाच्या दिवाळी स्नेहमिलनात, सुरतेतल्या उधन्याच्या त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, सुरतेच्या प्लेगच्या आदल्या दिवाळीची. तेव्हा मंडळाचा सगळा स्वयंपाक सुपडूची बायको सरलाबाई बघायची. खान्देशातून सुरतेला आलेली पन्नास-साठ माणसं एका दिवशी एकत्र जेवायची आणि सरलाबाईच्या हाताला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. त्या वर्षी तिने उन्हाळ्यातच आमरस बाटल्यांत भरून ठेवला होता. सुरतेच्या बायकांकडून शिकली होती. रस भरायचा, हातयंत्राने बूच दाबायचं, बाटल्या पाण्यात उकळायच्या. दिवाळीत आमरस-पुरी वाढणार म्हणून महिनाभर खुशीत होती.

पहिली बाटली उघडली तसं बूच ठप्पकन उडालं आणि फेस शेजारच्या पुष्पाबाईच्या नव्या रेशमी साडीवर.

पुष्पाबाई पदर झटकत म्हणाली, "अगं बाई, सरलाबाईंनी तर दारू गाळली! कोणीतरी पोलिसांना कळवा गं!"

गुजरातेत दारूबंदी. हॉल खदाखदा हसला. सुपडूही थोडा हसला होता. ते त्याला पुढे फार टोचलं.

सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. पुढच्या वर्षापासून स्वयंपाक पुष्पाबाईकडे गेला. गल्लीतली पोरं 'दारूवाली काकू' म्हणू लागली. सरलाबाईने बुचाचं यंत्र आणि हौसेने घेतलेला गोल ओव्हन पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. घरच्यांपलीकडे तिने पुन्हा कोणासाठी काही रांधलं नाही. यंदाच्या महाशिवरात्रीच्या आधी तिचं हृदय बंद पडलं.

तेराव्याला पुष्पाबाई वाढायला आली होती. चुलीपाशी कोणाला तरी म्हणाली, "बिचारी. सगळं यायचं तिला, रस तेवढा जमला नाही."

सुपडूने ऐकलं. तिथेच त्याने ठरवलं. सरलाच्या नावाला लागलेला तो डाग त्याच हॉलमध्ये पुसायचा, आणि लावणारीला तसंच भिजवायचं.

वैशाखात त्याने पोतं खाली काढलं. छप्पन वर्षांच्या आयुष्यात त्याने कापडाच्या कारखान्यात लूम चालवला होता, चहासुद्धा केला नव्हता. पहिल्या दिवशी थंड बाटल्या उकळत्या पाण्यात सोडल्या. तीन तडकल्या. अख्ख्या पिंपाचा पिवळा रबरबाट झाला आणि पुढचे चार दिवस चपला फरशीला चिकटत होत्या.

मुलगी हर्षदा सासरहून, कोसाडहून आली. दारातच थबकली.

"आप्पा, तुमनं डोकं फिरनं का? हे काय मांडलंय?"

"रस भरतोय."

"कशासाठी? कोण खाणार?"

"पुष्पाबाई."

हर्षदा पदर खोचून फरशी पुसायला बसली. "नीट शिका तरी. स्टेशनपलीकडे एक गुजराती बेन रस टिकवायचा क्लास घेते. जा तिथे. बायका हसतील, हसू द्या."

तो गेला. वीस बायकांत एकटा पुरुष, मागच्या सतरंजीवर. बेनने हिंदीत विचारलं, "बाटली बीस मिनट उबालनी है. टाइम कब से गिनना?"

सुपडू ताडकन बोलला, "स्टोव जलाया तब से."

बायका हसल्या. बेन म्हणाली, "नहीं काका. पानी खौलने लगे, तब से. नहीं तो अंदर कच्चा रहेगा, खमीर चढ़ेगा, बाटली फटेगी."

सुपडूच्या हातातली पेन्सिल थांबली.

त्या वर्षी हर्षदाच्या बाळंतपणासाठी सरला घाईने कोसाडला गेली होती. जाताना बाटल्या पिंपात मांडून गेली आणि त्याला म्हणाली, "वीस मिनिटं उकळा आणि उतरवा." तो रात्रपाळी करून आलेला. त्याने स्टोव्ह पेटवला, घड्याळ बघितलं आणि वीस मिनिटं होताच बंद केला. कारखान्यात असंच असतं. बटण दाबलं की वेळ सुरू. एवढं मोठं पिंप वीस मिनिटांत नुसतं कोमट झालं असणार.

घरी येताना तो पूर्ण रस्ता चालत आला. पण राग उतरला नाही. राग कुठेतरी ठेवायला जागा पाहिजे होती, आणि ती जागा पुष्पाबाई होती. बाटल्या कोणी का बिघडवेना, दारूवाली कोणी म्हटलं? त्याने हाच विचार घट्ट धरून ठेवला. हर्षदालासुद्धा काही सांगितलं नाही.

पुढच्या बारा बाटल्या त्याने पाणी खळखळल्यावर वीस मिनिटं उकळल्या, वर थोडा रस छोट्या बरण्यांतही तसाच भरून ठेवला. दिवाळीपर्यंत एकीचंही बूच फुगलं नाही.

मग त्याला केक सुचला. आमरसाचा केक मंडळात कोणी खाल्ला नव्हता. पहिला केक मधे बसला आणि नुसता सोडा लागला. दुसऱ्याच्या वेळी त्याने फुगतोय का म्हणून तीनदा झाकण उघडलं, तो भाकरीएवढाच राहिला. तिसरा खालून कोळसा. चौथा मात्र असा फुगला की शेजारची राखी वास काढत घरात आली आणि अर्धा केक उभ्यानेच खाऊन गेली. सुपडूने सरलाच्या फोटोकडे बघितलं आणि पहिल्यांदा मिशीत हसला.

पाव करायच्या नादात एकदा यीस्ट जास्त पडलं. दुपारच्या उकाड्यात कणीक झाकण उचलून ओट्यावर उतरली. ती गोळा करता करता त्याला तेरावी बाटली सुचली. स्नेहमिलनाच्या तीन दिवस आधी त्याने बरण्यांतला उरलेला रस बाटलीत भरला, चिमूटभर यीस्ट टाकलं, बूच दाबलं आणि बाटली पोत्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली.

आदल्या दिवशी पुष्पाबाई त्याला बाजारात भेटली. "गोड पदार्थ तुमचा म्हणे, सुपडूभाऊ? रसच का पुन्हा? मी जुनी साडी नेसून येऊ का?"

"नवीच नेसा, वहिनी."

ती पिस्ता रंगाची नवीकोरी नेसून आली. पंगत बसायच्या आधी सुपडूने पोतं सोडलं, तेरावी बाटली तिच्या हातात दिली आणि वर ओपनर ठेवला. "पहिली बाटली तुमच्या हाताने."

ठप्प.

फेस हनुवटीपासून निऱ्यांपर्यंत गेला. हॉल हसला. सुपडूने हे हसू तेराव्यापासून वाट बघून मिळवलं होतं. दोन श्वास ते फार गोड लागलं.

पुष्पाबाईने डोळे पुसले. तिची जीभ काही भिजली नव्हती.

"घ्या! सरलाबाई गेल्या, पण धंदा मागे ठेवून गेल्या!"

हसू दुप्पट झालं. मागून कोणीतरी ओरडलं, "दारूवाली काकू!"

भिजली पुष्पाबाई, आणि लोक हसत होते सरलाला. मेलेल्या सरलाला. सुपडूने पळी उचलून पातेल्यावर जोरात आपटली. दोनदा. हॉल गप्प झाला.

"ही बाटली मी बिघडवली," तो म्हणाला. "मुद्दाम. पावाचं यीस्ट टाकून. वहिनींची साडी भिजावी म्हणून."

पुष्पाबाई पदर पिळता पिळता थांबली.

"आणि तेव्हाच्याही मीच बिघडवल्या. ती कोसाडला गेली होती, उकळायचं काम माझ्याकडे होतं. पाणी उकळायच्या आधीच मी वेळ मोजली. तिचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही हसलात, मीही हसलो, आणि ती मरेपर्यंत मान खाली घालून राहिली."

"हे तुम्हाला कधी कळलं?" पुष्पाबाईने विचारलं.

"वैशाखात."

"आता दिवाळी आहे, सुपडूभाऊ."

सुपडूने खाली बसून बारा बाटल्या एकेक करून उघडल्या. प्रत्येक बूच टक् करून निघालं. फेस नाही, आंबूस वास नाही. वैशाखातला रस तसाच पिवळाधमक. पुऱ्या आल्या, केक कापला गेला. हर्षदा वाढत होती आणि मधूनच पदराने नाक पुसत होती. लोक आधी चाखत होते, मग ओरपू लागले.

पुष्पाबाई ओल्या साडीत पंगतीच्या टोकाला बसली होती. तिने केक खाल्ला, वाटी चाटूनपुसून साफ केली आणि सुपडू समोर आला तशी पुढे केली.

"वाढा."

"काय वाढू?"

"रस."

"कोणाचा?"

तिने वर बघितलं. शेजारच्या दोघी घास हातात धरून थांबल्या.

"सरलाबाईचा," ती हळूच म्हणाली.

सुपडूने पळी वाटीवर धरली, पण वाकडी केली नाही.

"मोठ्याने, वहिनी. त्या टोकाला गणपतदादा बसलेत, त्यांना कमी ऐकू येतं."

पुष्पाबाईने ओठ आवळले. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "सरलाबाईचा रस वाढा!"

त्याने वाढला. काठोकाठ.