दोन किटल्या पाणी

गुरुपाद गुळाचा अडत्या. ढेपेत सळी खुपसून आतला रंग बघितल्याशिवाय त्यानं सख्ख्या मेहुण्याचाही गूळ कधी उचलला नव्हता. पेठेत हा स्वभाव शोभून दिसतो. तोच घेऊन माणूस दवाखान्यात गेला की मात्र पंचाईत होते.

२००५ सालचा पूर. पंचगंगेनं निम्मं कोल्हापूर पोटात घेतलं होतं आणि नळाला थेंब नव्हता, कारण पाणी उपसणारे पंपच बुडाले होते. शाहूपुरीतल्या त्या लहानशा दवाखान्याच्या टाकीतही गढूळ पाणी शिरलं होतं. वरच्या मजल्यावर गुरुपादची बायको शिवलीला पोट धरून विव्हळत होती. हर्नियात आतडं अडकलं होतं.

"लवकर ऑपरेशन केलं नाही तर आतडं सडेल," डॉक्टर म्हणाले. "पण हत्यारं वाफवायला स्वच्छ पाणी नाही. कुठूनही आणा. पाऊस आता वरचेवर असाच कोसळणार म्हणतात. मागच्या पुरानंतर ऑपरेशनची खोली वर आणली, आता पाणी कुठनं आणू?"

डॉक्टरच पाणी मागतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं गुरुपादला तिथंच वाटलं. तरी तो कमरेएवढ्या पुरातनं गेला आणि ओळखीच्या हापशावरनं दुधाच्या दोन किटल्या भरून घेऊन आला.

दीक्षा कांबळे सिस्टरनं त्या गॅसजवळ ठेवल्या. मग शिवलीलाच्या गळ्यातलं इष्टलिंग उतरवायची वेळ आली, तेव्हा तिनं ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून शिवलीलाच्याच मनगटाला बांधलं. "तुमी अंगावेगळं करत न्हाईसा, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. गुरुपादला ते गोड बोलणंच खटकलं. कारण नसताना कोण एवढं गोड बोलतं?

इतक्यात होडीतनं एका म्हातारीला आणलं. तानूबाई तिचं नाव. भिंत पडून मांडी फाटली होती आणि रक्त थांबत नव्हतं.

"जयभीम गं पोरी," ती कण्हत म्हणाली.

"जयभीम, मावशी. भिऊ नगा," म्हणत दीक्षानं तिचा हात धरला आणि तिला तडक ऑपरेशनच्या खोलीत नेऊन सोडलं.

गुरुपादच्या डोक्यात सगळं जुळलं. दोघी एका समाजाच्या. पाणी आणलं कुणी आणि लागणार कुणाला! त्यानं सरळ विचारायला हवं होतं. संशयी माणसाला विचारायची लाज वाटते, चोरी करायची वाटत नाही. गॅसजवळ कुणी नाही असं बघून त्यानं दोन्ही किटल्या उचलल्या, शिवलीलाच्या खाटेखाली सारल्या आणि चादर खाली ओढून घेतली.

"पावणं, हितल्या किटल्या कुठं गेल्या?" दीक्षानं येऊन विचारलं.

"मला काय ठावं? तुमचा दवाखाना, तुमीच बघा की."

तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग बादली उचलून ती जिना उतरली आणि हापशाकडं जायला पुराच्या पाण्यात शिरली.

गुरुपाद खाटेवर राखणीला बसला. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, या विचारानं तो मनातनं खूष होता. शिवलीलाचं विव्हळणंही थांबलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन लागू पडलं असणार, त्याला वाटलं.

डॉक्टर बाहेर आले. "शिवलीलाबाईंची हत्यारं वाफवून झाली ना? लगेच आत घेऊ."

"आनि... मघाची म्हातारी?"

"तिच्यासाठी सकाळीच वाफवलेल्या हत्यारांचा एक संच होता, तेवढाच शिल्लक. तुमच्या पाण्यावर तुमचा संच करून मागोमाग बाईंना घ्यायचं, असं दीक्षानंच ठरवलं होतं. कुठाय ती?"

गुरुपाद खाटेवरून उतरून खाली वाकला. त्यानं खाटेखालच्या किटल्या ओढल्या. "सापडल्या... हितंच हुत्या," तो पुटपुटला. त्याला स्वतःची किळस आली. डॉक्टरांना ओरडायलाही सवड नव्हती. त्यांनी स्वतःच गॅस पेटवला. पण वाफ काही कुणाच्या घाईनं धरत नाही. दीक्षा डोक्यावर बादली धरून, नखशिखांत भिजून परत आली तेव्हा कुठं भांडं शिट्टीला आलं होतं. गॅसजवळच्या रिकाम्या किटल्या तिनं बघितल्या, गुरुपादकडं बघितलं आणि ती हात धुवायला गेली.

आतडं काळं पडलं होतं. हातभर कापून काढावं लागलं.

"वाचल्या," डॉक्टर नंतर म्हणाले. "तासभर आधी उघडलं असतं तर कापावं लागलं नसतं. किटल्या खाटेखाली गेल्या कशा?"

"गडबडीत किटल्या हिकडच्या तिकडं झाल्या, सर," दीक्षा म्हणाली. गुरुपाद रिकाम्या किटल्या उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी शिवलीलानं नीट डोळे उघडले. दीक्षा उशाशी सलाईन बदलत होती, ती शिवलीलाला दिसली नाही. नवऱ्याची बाही धरून ती क्षीण आवाजात म्हणाली, "अवो, त्या म्हातारीला आदी घेतलं न्हवं? मला वाटलंच हुतं. त्या सिस्टरवर जरा ध्यान ठिवायचं हुतं तुमी."

सलाईनच्या नळीवरचा दीक्षाचा हात थांबला.

"ठिवलंतं की," गुरुपाद म्हणाला, आणि दीक्षाच्या तोंडाकडं बघायची त्याची छाती झाली नाही.