साठपर्यंतचा गोंद

कमलेशला मी एकदाच "हळू चालवा" म्हणून पाहिलं होतं. त्यानंतर आठ दिवस तो मुद्दाम जास्त जोरात चालवत होता. साकोलीहून नागपूरला तांदूळ नेणारा त्याचा बंद डब्याचा टेम्पो हायवेवर नव्वदच्या खाली क्वचितच येई, आणि जंगलाच्या पट्ट्यात रानडुकरं रस्ता ओलांडताना कुणाला विचारत नाहीत. नवरा संध्याकाळी धड घरी यावा, एवढंच मला हवं होतं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एका रविवारी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, काडेपेटीएवढी अकरा त्रिकोणी पाती कापली आणि टपाच्या मागच्या कडेला ओळीने, जराशी तिरपी चिकटवली.

"गाडीले झुमके काहून घातले?" कमलेशने विचारलं.

धावत्या गाडीच्या मागे हवा सुटते आणि गाडीला मागे ओढते, असं मी सांगितलं. अशी पाती हवेत छोटे भोवरे करतात, मग हवा उशिरा सुटते, ओढ कमी होते, डिझेल वाचतं. इथवर सगळं पुस्तकातलं. शेवटचं वाक्य तेवढं माझं होतं: गोंद साठपर्यंतच धरतो, त्यावर गेलात तर पाती उडतील.

त्याने काटा साठपुढे जाऊ दिला नाही. जायला-यायला अठरा लिटर लागायचं, ते पंधरावर आलं. स्टँडवर त्याने हे इतकं मिरवलं की त्याचा मित्र अंकुश एक पातं चोरायला टपावर चढला. पेचकस वाकला, पातं हललं नाही.

त्या संध्याकाळी वाकडा पेचकस घेऊनच कमलेश घरात आला.

"हा गोंद तं दीडशेलेही निघणार नाही. मले काहून फसवलं?"

"डिझेल वाचलं ना?"

"पात्यानंच वाचलं ना पण?"

"नाही. तुमचा डबा मागून सपाट, त्याले पात्याचा काही उपयोग नाही. नव्वदचे साठ केले की हवेचा अडथळा निम्म्याहून कमी होते. डिझेल तुम्हीच वाचवलं."

त्याने पेचकस खाली ठेवला. उद्यापासून पुन्हा नव्वद, हे ऐकायची मी तयारी केली.

"स्टँडवर कोणाले सांगू नको," तो हळूच म्हणाला.

तेजराम धरून चार ड्रायव्हरांना त्याने पाती कबूल केली होती, साठची अट स्वतःच बजावून. आता त्यालाच नव्वदने जाताना कुणी पाहिलं असतं, तर पंचाईत होती.

मी त्यांच्या पात्यांसाठी पत्रा काढायला उठले, तेवढ्यात तेजरामच्या बायकोचा, उषाबाईंचा फोन आला. डिझेलचं त्यांनी नावही काढलं नाही. पन्नासले निघणारा गोंद भेटते काय, एवढंच विचारलं.