चोवीस नंबरचा टॉवेल

काकूंनी यंदा चोवीस टॉवेल तयार केले होते. टॉवेल विकतचेच, पण प्रत्येकावर लाल कापडाचा आकडा ठेवून चारी बाजूंनी दुहेरी टीप काकूंची. गेल्या वर्षी तेवीस होते. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, "काकू, यंदा एक वाढला हं," आणि काकूंनी "बरं" म्हणून मशीनवरचं झाकण काढलं. कोण वाढला, कशाला वाढला, काही विचारलं नाही. शिवणाऱ्या बाईने मापं विचारावीत, नसत्या चौकशा करू नयेत, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. या एका नेमाने त्यांचा पुढे असा काही घात केला की विचारू नका.

कार्यक्रम दर वर्षीचाच. शिकायला-समजायला वेळ लागतो अशा मोठ्या माणसांसाठी गावात एक केंद्र होतं. तिथे ती माणसं रोज दुपारपर्यंत यायची, कागदी पिशव्या करायची, कुंड्या रंगवायची, गाणी म्हणायची. त्या केंद्राच्या मदतीसाठी वर्षातून एकदा गावातली धडधाकट मंडळी पोहण्याच्या तलावात फेऱ्या मारायची. औषधाच्या दुकानाचे मालक, शाळेच्या मुख्याध्यापिका, बसचे दोन ड्रायव्हर, दातांचे डॉक्टर. जितक्या फेऱ्या तितकी देणगी. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चालायचं ती माणसं काठावर पिवळ्या खुर्च्यांवर ओळीने बसून टाळ्या वाजवायची.

त्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर बारक्या बसला होता. नाव बारक्या, पण वय सेहेचाळीस आणि उभा राहिला की दार भरेल एवढा. त्याच्या बाजूला आई, म्हणजे काकू. काकूंनी त्याचं मनगट धरलं होतं. रस्त्यात, दवाखान्यात, दुकानात, कुठेही गेलं तरी काकूंचा उजवा हात बारक्याच्या डाव्या मनगटावर. त्याच्या घड्याळाचा पट्टासुद्धा त्यापायी झिजायचा.

त्यालाही कारण होतं. बारक्या सहा वर्षांचा असताना तळ्यात पडला होता. कुणीतरी उडी मारून बाहेर काढला, उलटा धरून पाणी काढलं, तेव्हा कुठे रडला. 'हात झटकून पळाला हो,' असं काकूंनी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं आणि पुढची चाळीस वर्षं तेच सांगत आल्या. खरं काय ते त्यांना एकटीला ठाऊक होतं. चपलेचा पट्टा सुटला म्हणून त्या वाकल्या होत्या. हात त्याने झटकला नव्हता. हात त्यांनी सोडला होता.

तेव्हापासून घरात पाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. समुद्र नाही, नदी नाही, टबसुद्धा नाही. आंघोळीला अर्धी बादली, तीही बाहेर कुणीतरी उभं राहून.

शेवटी दातांचे डॉक्टर धापा टाकत बाहेर आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पोहण्याच्या बाईंनी भोंगा तोंडाशी धरला. "आता शेवटची फेरी! दर वर्षी बाकीचे आपल्या माणसांसाठी पोहतात. यंदा आपलाच माणूस पोहणार आहे. चोवीस नंबर, आपला बारक्या!"

काकूंना वाटलं, दुसरा कुणी बारक्या असेल.

तोवर त्यांच्या हातातलं मनगट निसटलं होतं. बारक्या उभा राहिला आणि शर्टाची बटणं काढायला लागला. वरून खाली, एकेक, नीट. मग पॅन्ट. आत पोहायची निळी चड्डी! घरातून निघताना काकूंनी स्वतः त्याचा शर्ट खोचला होता, आणि आत ही चड्डी!

"अरे, हे काय? हे कुठून आणलंस?"

"बाबांच्या कपाटातून," बारक्या म्हणाला. जणू काय रुमाल कुठून आणलास असं विचारलं होतं. कपड्यांची घडी घालून त्याने खुर्चीवर ठेवली, चोवीस नंबरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि चालू लागला. काकूंचा आवाज सगळ्या तलावावर घुमला.

"थांबवा त्याला! अहो, बुडेल तो!"

बाई धावत आल्या. "काकू, घाबरू नका. जीवरक्षक त्याच्या शेजारी पाण्यातच आहे."

"घाबरू नका काय? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कुणाला विचारून घातलंत त्याचं नाव?"

आता चकित व्हायची पाळी बाईंची होती. "तुम्हालाच विचारून की. दोन वर्षांपूर्वीच. त्याला शिकवायच्या फॉर्मवर तुमची सही आहे. आजचं त्याला केंद्रात सांगितलं होतं मी." त्यांनी फाइल उघडून पुढे धरली.

खाली दोन सह्या होत्या. एक काकांची, म्हणजे बारक्याच्या वडिलांची. आणि दुसरी काकूंची. पहिलं अक्षर ऐसपैस पसरलेलं, शेवटी खाली ओढलेली शेपटी, शेपटीखाली दोन ठिपके. ते ठिपके काकू शाळेपासून द्यायच्या. सही हुबेहूब त्यांचीच होती, आणि त्यांनी हा कागद जन्मात पाहिला नव्हता.

काका बँकेत सह्या पडताळायचे. तेहतीस वर्षं एका खिडकीमागे बसून त्यांनी लोकांच्या खोट्या सह्या पकडल्या. भाजीवाल्याने चुकून दोन नाणी जास्त दिली तर परत द्यायला अर्ध्या वाटेतून मागे फिरणारा माणूस. आणि त्या माणसाने बायकोची खोटी सही केली! तीही ठिपक्यांसकट! काका जाऊन तीन महिने झाले होते. आता भांडायचं तरी कुणाशी?

"दर गुरुवारी चारला दोघं यायचे," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला... माहीत नव्हतं?"

गुरुवारी चारला दोघं वाचनालयात जायचे. चित्रांची पुस्तकं बघायला. दोन वर्षं काकूंनी त्यांना डब्यात बिस्किटं भरून दिली होती. बारक्याच्या अंगाला कसला तरी उग्र वास यायचा, तेव्हा काका म्हणायचे, "वाचनालयात फिनाईल फार मारतात गं." आणि काकू म्हणायच्या, "स्वच्छता आहे हो." अगं बाई! किती भोळं असावं माणसाने!

"काढा त्याला बाहेर," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

पण बारक्या एव्हाना शिडीने पाण्यात उतरला होता. छातीइतक्या पाण्यात, काठ धरून, हनुवटी वर करून उभा होता. काकू बघतच राहिल्या. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती सगळी काकूंकडेच होती.

बाईंनी शिट्टी वाजवली. बारक्या हलला नाही. पुन्हा शिट्टी. लोक टाळ्या वाजवत "बारक्या, बारक्या" करायला लागले. तो काठाकडे बघत होता, तिथून जिन्याकडे, दाराकडे, पुन्हा काठाकडे. मग त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. तो ओठ काकूंनी तीन महिने रोज पाहिला होता.

"काय शोधतोय तो?"

"काकांना," बाई म्हणाल्या. "काका काठाकाठाने त्याच्याबरोबर चालायचे. छत्रीचं टोक फरशीवर आपटत. टक, टक, टक. एक टक, एक हात. पाण्याखाली ऐकू जातं ते. तीन महिने तो तलावावर आला नाही, मला वाटलं विसरला नसेल. चूक झाली माझी. बाहेर घेते त्याला."

छत्री.

काका गेल्यापासून दर गुरुवारी चार वाजता बारक्या कोपऱ्यातली छत्री घ्यायचा आणि दारात उभा राहून फरशीवर आपटायचा. टक, टक, टक. तासभर. खालच्या मजल्यावरची बाई भांडायला आली होती. काकूंनी समजावलं, दटावलं, एकदा तर हातावर चापटसुद्धा मारली. शेवटी छत्री कपाटावर टाकली, बॅगांच्या मागे, त्याचा हात पोचणार नाही अशी. त्यांना वाटलं, बापाच्या आठवणीने खुळ्यासारखं करतोय. तो बिचारा आपल्या परीने सांगत होता की आज गुरुवार आहे, चार वाजले आहेत, मला घेऊन चल. आणि सेहेचाळीस वर्षं ज्याच्या मनातलं न बोलता ओळखते म्हणून मिरवलं, त्याचं एवढं साधं बोलणं आईला कळू नये!

काकूंना स्वतःचीच इतकी चीड आली की बस्स. बाई पाण्याकडे वळल्या होत्या. काकूंनी त्यांचा दंड पकडला.

"थांबा जरा."

पर्समध्ये छत्री नव्हती. दोरा होता, मोजपट्टी होती, गोळ्या होत्या, आणि तळाशी अंगुस्तान होतं, सुई बोटात घुसू नये म्हणून शिवताना घालायची ती पितळेची टोपी. काकूंनी ती मधल्या बोटात चढवली. बघ्यांनी पाण्याशी जाऊ नये म्हणून काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलचा कठडा होता. काकूंनी त्याच्यावर बोट आपटलं.

टक.

बारक्याने मान फिरवली. आईकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, आणि तोंडभर हसला.

टक. त्याने काठ सोडला. टक. डावा हात. टक. उजवा. तो पोहत होता. बारक्या पोहत होता! एवढं मोठं धूड, घरात चालताना टेबलांना धडकणारं, पाण्यात कसं अलगद सरकत होतं. काकू कठड्याकडेने चालत होत्या, बोट आपटत होत्या, रडत होत्या आणि मधूनच नवऱ्याला शिव्या घालत होत्या. "लबाड माणूस. खोटारडा. सांगितलं असतंत तर काय खाल्लं असतं मी तुम्हाला?" खाल्लंच असतं, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत 'बारा फूट' लिहिलेलं होतं. ते दिसलं तसा त्यांचा हात एकदा चुकला. बारक्याही पाण्यात एकदा अडखळला. मग काकूंनी तिकडे बघणंच सोडलं.

बारक्याचा हात समोरच्या काठाला लागला. टाळ्या, आरडाओरडा, मुख्याध्यापिका तर खुर्चीवर उभ्या राहिल्या. काकू कठड्याखालून कशाबशा वाकून काठाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

"झालं रे बाळा, झालं. ये आता वर. चल घरी."

बारक्याने मान हलवली. तोंडातलं पाणी थुंकलं.

"अर्धीच झाली. आता परत."

"बरं, परत. मी आहे ना. हे बघ, टक टक करते."

"नाही," बारक्या म्हणाला. मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तशा आवाजात म्हणाला. "येताना टक टक नाही. जाताना बाबा. येताना मी एकटा. तू तिथे बस." आणि मोकळ्या हाताने त्याने भिंतीलगतचा लाकडी बाक दाखवला.

काकूंनी बाईंकडे पाहिलं. बाई शेजारी येऊन बसल्या होत्या.

"पहिलं वर्षभर काका दोन्ही वेळा चालले," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस मला म्हणाले, येताना आता मी बसणार. मी काय आयुष्यभर चालणार आहे का? आणि त्याची आई तरी? चार महिने लागले, काकू. चार महिने हा काठ सोडेना आणि काका बाकावरून उठेनात. हात आपसूक आपटायला लागतात म्हणून मांड्यांखाली दाबून बसायचे. तोंडाने मात्र हसायचे."

घरी काकू रोज एकच विचारायच्या. आपल्यामागे याचं कसं व्हायचं? काका पेपरात डोकं घालून बसायचे. काकूंना वाटायचं, या माणसाला काळजी कशी ती नाहीच.

काकूंनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात बारक्याचं मनगट होतं, आणि त्याच्या खाली बारा फूट पाणी. जीवरक्षक चार हातांवर पाय मारत थांबला होता. टाळ्या थांबल्या होत्या.

"आई," बारक्या म्हणाला, "हात सोड."

एकेक बोट त्यांना वेगळं सांगून सोडवावं लागलं. मग त्या उठल्या, बाकापर्यंत गेल्या, बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. अंगुस्तान काढायचं राहूनच गेलं होतं, ते चांगलंच रुतायला लागलं. काकूंनी हसायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही, पण बारक्याला तेवढं पुरलं.

त्याने काठ सोडला.